उंबऱ्याची चाल

गुरुवारी दुपारी गुणाजी धुरी क्लॅरिनेटची पेटी घेऊन घराबाहेर पडला आणि क्लॅरिनेट घरातच राहिली.

बँड-पार्टीचे जरीचे कोट ठेवायला शेवंतीने कपाट उघडलं तेव्हा ती तिला सापडली. वरच्या कप्प्यात, जुन्या चादरीत गुंडाळून, पार मागे सारलेली. विसरून राहिलेली वस्तू अशी गुंडाळलेली नसते. शेवंतीने चादर होती तशी परत गुंडाळली, कपाट लावलं आणि शिलाई मशीनसमोरच्या स्टुलावर बसून राहिली. क्लॅरिनेट इथे आहे, तर मग पेटीत घेऊन गेला काय?

गुणाजी म्हणजे ‘धुरी बीट्स’चा मास्तर. मालाडपासून मुलुंडपर्यंत कुणाच्या घरी हळद असो, कुठल्या मंडळाचं आगमन असो, तीस वर्षं लोक त्याला बोलावत आले होते. बेंजो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, कीबोर्ड, ढोलकी, ताशा, सगळं तो वाजवायचा. ‘मास्तरांच्या हातात लाटणं दिलं तरी सूर निघेल,’ असं पार्टीतली पोरं म्हणायची. शिकवलं कुणी नव्हतं. गिरणीतून सुटलेल्या बापाबरोबर लग्नाच्या वराती बघत फिरताना बँडवाल्यांच्या पाठीमागे उभं राहून त्याने सगळं कानाने उचललेलं. कागद त्याला कधी लागला नाही. एकदा ऐकलं की झालं.

स्वतःच्याही चाली होत्या त्याच्या, पंचवीस-तीस. त्यात सगळ्यांत गाजलेली उंबऱ्याची चाल. नवी सून माप ओलांडून आत येते तेव्हा वाजवायची. जान्हवीच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या बारशाला त्याने ती पहिल्यांदा बेंजोवर वाजवली होती. ती चाल धुरी बीट्सशिवाय कुणी वाजवत नसे. ती वाजली की ढोलवालेसुद्धा हात आखडता घ्यायचे.

आणि असा हा माणूस आता वाद्याविना पेटी घेऊन फिरत होता.

शेवंती काही आजच जागी झाली नव्हती. वर्षभर ती बघत होती. आधी फोन. गुणाजीने एक दिवस आपला फोन तिच्या हातात दिला. “पार्टीचे फोन यापुढे तू घे. लोकांशी बोलायला तू बरी.” तेव्हा तिला बरं वाटलं होतं, मान दिल्यासारखं. पण पुढे पुढे तिच्या लक्षात आलं की तो कुणाचाच फोन घेत नाही. घेतो ते फक्त मेसेज. ज्या माणसाला दोन वर्षांपूर्वी मेसेज टाकणं म्हणजे पोरखेळ वाटायचा, तो आता गॅलरीत उभा राहून अंगठ्याने टुकटुक करत बसायचा. ती जवळ गेली की फोन खिशात.

मग गुरुवार. गुरुवारी पार्टीला सुट्टी. आधी या दिवशी तो झोप काढायचा. आता दाढी करून, धुतलेला सदरा घालून दोनला बाहेर. “खंय चल्लात?” असं विचारलं तर “हं” एवढंच. कसला हं? कुठल्याही प्रश्नाला हल्ली त्याचं तेच उत्तर होतं. भाजीत मीठ जास्त झालं का, हं. जान्हवी रविवारी येते म्हणाली, हं. मन घरात नसलेल्या माणसाचा हं.

सदऱ्याच्या खिशात एकदा बोटीचं तिकीट सापडलं. गोराईच्या खाडीचं. शेवंतीने सदरा भिजत घातला आणि तिकीट मशीनच्या खणात ठेवून दिलं. गोराईत धुऱ्यांचं कोण होतं? कुणी नव्हतं.

त्या गुरुवारच्या संध्याकाळी तो परत आला, पेटी कॉटखाली सरकवली आणि खिडकीत उभा राहून खालच्या मैदानातली क्रिकेटची मॅच बघू लागला. शेवंती त्याच्या पाठीमागे होती. पालक निवडता निवडता, मान वर न करता तिने विचारलं, “गोराईला कोण असतं?”

तो हलला नाही.

“मी विचारतंय, गोराईला कोण असतं तुमचं?”

गुणाजी मॅचच बघत राहिला. मानही वळवली नाही. खोटं बोलला असता तरी चाललं असतं. खोटं बोलायला निदान बाईची थोडी भीती वाटावी लागते. यांना तेवढीही उरली नव्हती.

शनिवारी वाकोल्याला हळद होती. दुपारी चारला चाळीच्या चौकात पार्टी उभी राहिली. पोरांना कोट नीट बसलेत का बघायचंय म्हणून शेवंतीही टेम्पोबरोबर गेली. खरं तर तिला नवऱ्यालाच बघायचं होतं. आणि तिने जे बघितलं ते तिला आवडलं नाही. पूर्वी गुणाजी डोळे मिटून वाजवायचा, सगळी पोरं त्याच्या खांद्याकडे बघून ठेका धरायची. आज त्याचे डोळे टक्क उघडे. निलेशच्या कीबोर्डवरच्या बोटांवरून ते हलतच नव्हते. एका जागी निलेश थांबला तरी गुणाजी चार मात्रा पुढे वाजवत गेला, मग दचकून थांबला. ढोलवाले हसले. नवरदेवाची आत्या नाचता नाचता थबकली आणि परत सुरू झाली.

‘चित्त कुठे आहे यांचं?’ शेवंतीने मनात म्हटलं, आणि उत्तर तिचं तिनेच दिलं. खाडीपलीकडे.

दोन दिवसांनी निलेश कोट उसवून घ्यायला घरी आला. निलेश पस्तिशीचा, बारा वर्षं पार्टीत. मास्तरांच्या नंतर तोच, हे न बोलता सगळ्यांना ठाऊक. गुणाजी बाजारात गेला होता. निलेशने कोट दिला तरी जाईना. पाण्याचा ग्लास हातात धरून बसला.

“काकी, एक विचारू? रागवू नका हां.”

“विचार.”

“मास्तर दुसरी पार्टी काढतायत का?”

शेवंतीच्या हातातली कात्री थांबली. “का रे?”

“मी बघितलंय त्यांना. मागल्या महिन्यात गोराईच्या बोटीत चढताना. हातात पेटी. मी हाक मारली, दोनदा मारली, वळूनसुद्धा बघितलं नाही. आणि आता हे बघा.” त्याने फोन पुढे केला. “माझ्या भावोजींच्या मित्राने टाकलंय. गोराईतलं लग्न आहे.”

व्हिडिओत चर्चच्या पायऱ्या होत्या, पांढऱ्या झग्यातली नवरी होती, आणि बाजूला काळ्या पॅन्टी घातलेले सहा-सात बँडवाले. ते वाजवत होते ती उंबऱ्याची चाल होती.

शेवंतीने ती दोनदा ऐकली. चाल तीच. फक्त तिसऱ्या ओळीत कुठेतरी पाय चुकल्यासारखा सूर भलतीकडे जात होता.

“चाल आपली, आणि वाजवतात ते,” निलेश म्हणाला. “मधेच चुकलेत साले, पण आपलीच. मास्तरांनी दिल्याशिवाय त्यांच्याकडे जाईल कशी? आमची तर वाट लागली ना काकी. मास्तर गेले तर धुरी बीट्समध्ये राहतं काय? मी आता सरळ विचारणार आहे. त्यांना जायचं असेल तर जाऊ देत, पण तोंडावर सांगून जाऊ देत.”

“येत्या शुक्रवारपर्यंत थांब,” शेवंती म्हणाली.

“शुक्रवारी काय आहे?”

“शुक्रवारी काही नाही. गुरुवारी आहे.”

निलेशला पार्टी जाण्याची काळजी होती. शेवंतीला मात्र त्या व्हिडिओने दुसरंच सांगितलं होतं. लेकीच्या बारशाची चाल माणूस उगाच कुणाला देत नाही. ती ज्याला द्यावी असं कुणीतरी तिथे होतं.

गुरुवारी गुणाजी निघाला आणि पंधरा मिनिटांनी तीही निघाली. बोरिवलीपर्यंत बस, पुढे रिक्षाने जेट्टी. तिथे पोचली तेव्हा त्याची बोट खाडीच्या मध्यावर होती. पाठमोरा, पेटी मांडीवर घेऊन बसलेला तो तिला ओळखू आला. तिने पुढची बोट घेतली. खारफुटीचा कुबट वास, मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन परत निघालेल्या कोळिणी, आणि इंजिनाचा धडधडाट. आयुष्यात पहिल्यांदा ती अशी कुणाच्या मागावर निघाली होती. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा राग जास्त.

गावात तिला फार विचारावं लागलं नाही. क्रुसाजवळ मासळी सुकवणाऱ्या एका म्हातारीने “मालाडचा बँडवाला? फ्लोरीकडं,” असं सांगितलं आणि गल्ली दाखवली. इतक्या सहज, की जणू तो तिथला जावईच.

फ्लोरीचं घर बैठं, कौलारू, निळ्या रंगाचं. खिडकी उघडी होती. शेवंती भिंतीला लागून उभी राहिली आणि तिने आत बघितलं.

बाई पन्नाशीची असेल. फुलाफुलांचा झगा, केस नीट विंचरून मागे बांधलेले, अजून देखणी. गुणाजी टेबलाशी बसला होता आणि ती त्याच्या अगदी मागे उभी होती. तिचा डावा हात त्याच्या खांद्यावर होता. नुसता ठेवलेला नव्हता, बोटं खेळत होती त्या खांद्यावर. मग ती वाकली, तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि काहीतरी बोलली. गुणाजी हसला. असं मोकळं हसताना त्याला शेवंतीने वर्षभरात पाहिलं नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. शेवंतीने ते ढकललं तसं ते भिंतीवर आपटलं.

“चालू द्या,” ती ओरडली. “मी बघायलाच इलंय.”

फ्लोरीने दचकून वर बघितलं. गुणाजीने मात्र बघितलं नाही. तो समोरच्या कागदावर पेन्सिलीने काहीतरी काढत राहिला. दार आपटलं होतं, बायको दोन हातांवर येऊन ओरडली होती, आणि हा माणूस शांतपणे पेन्सिल चालवत होता.

“धुरी!” फ्लोरीने त्याचा खांदा हलवला आणि दाराकडे बोट केलं.

तेव्हा तो वळला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. शेवंती त्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि खिडकीतली ती मॅच, ती न वळलेली मान, निलेशच्या दोन हाका, सगळं एका क्षणात तिच्यासमोर वेगळंच होऊन उभं राहिलं.

“तुमका ऐकू येत नाय?” ती हळूच म्हणाली.

त्याने तिच्या ओठांकडे बघितलं. “उजवा गेला,” तो म्हणाला. “पूर्ण. डावा अर्धा आहे. तोही जाणार म्हणतात.”

“बस गो बाय,” फ्लोरी म्हणाली. “आधी पाणी पी.”

शेवंती बसली, पाणी प्यायली नाही. फ्लोरीनेच मग सगळं सांगितलं, मोठ्या आवाजात, म्हणजे गुणाजीलाही कळावं. तिचा नवरा गावच्या चर्चच्या बँडचा मास्तर होता. चार वर्षांपूर्वी गेला. ती स्वतः लहानपणापासून चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आलेली, नोटेशन तिला पेपर वाचावा तसं वाचता यायचं. गुणाजी आणि तिचा नवरा एकमेकांना वराती-मिरवणुकींतून ओळखत. कानांचं कळल्यावर गुणाजी दीड वर्षापूर्वी तिच्याकडे आला होता. म्हणाला, माझ्या सगळ्या चाली माझ्या डोक्यात आहेत, कागदावर एक नाही. पूर्ण बहिरा व्हायच्या आत मला लिहायला शिकव. पेटीत असायचे ते कागद. खांद्यावरची बोटं ठेका द्यायची, कारण पायाचा ठेका त्याला ऐकू येत नसे.

“आणि उंबऱ्याची चाल?” शेवंतीने विचारलं. “ती तुमच्या गावच्या लग्नात कशी वाजली?”

“माझ्या पुतण्याचा बँड तो. मीच दिली. कागदावर बरोबर उतरलीय का, ते कसं कळणार? ज्यानं कधी ऐकली नाही त्यानं नुसता कागद बघून वाजवायला पाहिजे. त्यांनी वाजवली. झकास वाजली.”

“झकास नाही वाजली,” शेवंती म्हणाली.

फ्लोरी तिच्याकडे वळली.

“तिसऱ्या ओळीत चुकली. तिथे सूर वर जात नाही. खाली येतो आणि थांबतो, मग वर जातो.” तिने गुणगुणून दाखवलं. गाणारी नव्हती ती. पण वीस-पंचवीस वर्षं ओट्याशी उभं राहून तिने ती चाल ऐकली होती, चपात्या लाटताना तिचे हात त्या चालीवर फिरले होते.

फ्लोरीने घरातल्या ऑर्गनवर दोन्ही वाजवून बघितलं, कागदावरची आणि शेवंतीची. मग कागद खाली ठेवला. “तिचं बरोबर आहे, धुरी. तू मला गाऊन दाखवलीस ती चुकीची. मी तशीच लिहिली.”

गुणाजीने सगळं ऐकलं नव्हतं, पण दोघींचे चेहरे वाचले. त्याने पेटीतले कागद बाहेर काढले. एकोणीस चाली होत्या. “मग यातल्या किती चुकीच्या?” त्याने विचारलं. नुसतं कानांनी ऐकू येत नव्हतं तोवर तो धीराने होता. डोक्यातही सूर हलले असतील, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं. तो टेबलावर कोपर टेकून, तोंड हातांत धरून बसला.

शेवंतीला त्याच्या जवळ जावंसं वाटलं. ती गेली नाही.

“दीड वर्ष,” ती म्हणाली. उठून त्याच्या समोर येऊन, सावकाश, एकेक शब्द त्याला दिसेल असा उच्चारत. “दीड वर्ष हिला माहीत. माका नाय. मी काय परकी? माझ्या मनात काय काय येऊन गेलं, त्याचा हिशोब आहे तुला?” लग्नानंतर पहिल्यांदाच तिने त्याला तू म्हटलं होतं.

“तुला कळलं असतं तर तू मला वाजवू दिलं नसतंस.”

“नसतंच दिलं.”

“म्हणून.”

शेवंतीचा राग एका दुपारीत उतरणारा नव्हता. जाताना फ्लोरीने तिचा हात धरला. “तू येत जा गो. मना चुकीचं लिहायचं नाय.” शेवंतीने हात सोडवून घेतला. चांगलीच बाई होती ती. तरी तिच्या बोटांकडे शेवंतीला बघवेना.

शुक्रवारी निलेशला बोलावून गुणाजीने स्वतःच सांगितलं. निलेश ऐकून आधी चिडला. “मास्तर, आम्ही काय काय समजून बसलो! वाकोल्याला मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घातल्या.” मग खाली मान घालून रडला. पार्टीतले बाकीचे सगळे काही तसे नव्हते. दोन ढोलवाले आठवड्यात दुसऱ्या ग्रुपला गेले. बहिऱ्याचा बँड म्हणून बातमी पसरली आणि घाटकोपरच्या एका मंडळाने फोन करून कळवलं की या वर्षी नको. तो फोन शेवंतीनेच घेतला. गुणाजीला सांगावं की नाही, असा तिला क्षणभर प्रश्न पडला. मग तिने त्याच्यासमोर बसून सांगितलं. लपवालपवी या घरात पुरे झाली होती.

पार्टीची सूत्रं आता निलेशकडे गेली. गुणाजी नाशिकढोल घेऊन मागे उभा राहू लागला. ढोल छातीला लागतो, त्याला कान लागत नाहीत. कानाचं मशीन घेतलं होतं, पण ते लावलं की ट्रम्पेट पत्र्यावर खिळा ओढावा तशी वाजते म्हणायचा, आणि काढून ठेवायचा.

गुरुवारी शेवंती त्याच्याबरोबर गोराईला जाऊ लागली. चाली तपासायला, असं ती शेजारच्या शकुला सांगायची. ते खरंच होतं. दुसरंही खरं होतं, ते तिने कुणाला सांगितलं नाही. दोन महिन्यांत अकरा चाली दुरुस्त झाल्या. दोन चाली अशा निघाल्या की त्या नेमक्या कशा होत्या ते तिलाही आठवेना, निलेशलाही नाही. त्या गेल्याच.

एक नवीनच गोष्ट मात्र सुरू झाली. आता संशय गुणाजीला येऊ लागला. घरात कुणी हसलं की तो विचारायचा, “माझ्यावर हसलात?” निलेश आणि शेवंती तालमीचं काही बोलत असले की उठून मधे येऊन बसायचा. पोरांनी ‘मस्त वाजवलंत मास्तर’ म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. मन राखायला म्हणतात, असं त्याला वाटायचं. शेवंतीला हे सगळं ओळखीचं होतं. वर्षभर ती याच घरात अशीच चेहरे वाचत राहिली होती.

एका रविवारी सकाळी खोलीत पार्टीची पोरं जमली. निलेश फ्लोरीकडून थोडंफार वाचायला शिकला होता. त्याने समोर कागद लावला आणि गुणाजीची एक जुनी चाल, हळदीनंतर नवरीच्या मामाला नाचवताना वाजवायची ती, नुसती कागदावरून वाजवली. गुणाजी समोर बसला होता. त्याची नजर निलेशच्या बोटांवर नव्हती, कागदावर नव्हती. ती शेवंतीच्या चेहऱ्यावर होती.

चाल संपली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

“कशी झाली?” त्याने तिला विचारलं.

“बरी झाली.”

“खरं सांग गो.”

निलेशने तिच्याकडे बघून मान हलवली, जाऊ द्या काकी, अशी. शेवंतीने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती उठली, गुणाजीच्या समोर पाटावर बसली आणि त्याला नीट दिसेल अशा बेताने म्हणाली, “शेवट घाईचा झाला. दुसऱ्यांदा येताना जागाच सोडली नाही. तू अशी वाजवायचास नाय.”

गुणाजी तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे सैल झाले.

“तर मग परत वाजवा,” तो निलेशला म्हणाला. “आणि ही काय म्हणते ते ऐका.”

निलेशने कागद पुन्हा पहिल्या ओळीला आणला.